बाळाच्या लंगोटाचा खरा हिशेब



वस्तीतल्या किराणा दुकानासमोर पूर्वी शाम्पूच्या आणि धुण्याच्या पावडरीच्या पुड्यांच्या माळा लटकत. आता त्यांच्या शेजारी एकेका डायपरची पुडीही लटकते. दहा-बारा रुपये दिले की एक डायपर हातात येतो. लसीकरणाच्या दिवशी, महिला मंडळाच्या बैठकीत किंवा विहारात नामकरणासाठी जमल्यावर तरुण आया आम्हाला हमखास विचारतात, "ताई, डायपर वापरू की कापड?" शेजारी बसलेली आजी मग उत्तराची वाट न पाहता सांगून टाकते, "आमची चार लेकरं जुन्या लुगड्याच्या बाळोत्यांवर वाढली. आम्हाला नाही लागले डायपर."

आजी म्हणते ते खोटे नाही. पण त्या बाळोत्यांना किती हंडे पाणी लागले आणि ती धुताना आजीची कंबर किती मोडली, हे तेव्हा कोणी मोजले नाही. सुनेचेही चूक नाही. तिला सकाळी सहाला चार घरची भांडी घासायला जायचे असते आणि नळाला पाणी तासभरच येते. म्हणून एका वाक्यात "हे चांगले, ते वाईट" असे सांगून आम्ही मोकळ्या होणार नाही. आज या पानावर आपण पूर्ण हिशेब मांडू.

या हिशेबाला तीन रकाने आहेत. पहिला, खिशातून जाणारा पैसा. दुसरा, पाणी आणि आईचे श्रम. तिसरा, आपण फेकलेला डायपर जे हात उचलतात त्यांचा. दुकानदार आणि जाहिरात आपल्याला फक्त पहिला रकाना दाखवतात, आणि तोही अर्धाच.

पहिला रकाना: पैसा

किमती आम्ही हिशेबाला सोप्या पडतील अशा गोल धरल्या आहेत. तुमच्या दुकानातली किंमत घालून हाच हिशेब वहीवर पुन्हा करा.

डायपर १० रुपयांना एक असा धरू. पहिल्या तीन महिन्यांत बाळ वारंवार शी-शू करते. दिवसाला ८ डायपर धरले तर ९० दिवसांचे ७२० होतात. त्यानंतर वर्षाचे होईपर्यंत दिवसाला ६ प्रमाणे २७५ दिवसांचे १,६५०. दुसऱ्या वर्षी दिवसाला ५ प्रमाणे १,८२५. दोन वर्षांची बेरीज ४,१९५ डायपर, म्हणजे ४१,९५० रुपये. सोयीसाठी ४२ हजार म्हणू.

वस्तीतल्या बहुतेक घरांत रात्रंदिवस डायपर वापरत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. पण दिवसाला दोनच वापरले तरी दोन वर्षांत १,४६० डायपर आणि १४,६०० रुपये होतात. रोज वीस रुपये सुटतात तेव्हा ते दिसत नाहीत. एकदम चौदा हजार म्हटले की दिसतात.

त्यात आणखी एक मेख आहे. सुटा माल नेहमी महाग पडतो. समजा मोठ्या पाकिटात डायपर ९ रुपयांना पडतो आणि सुटा १२ रुपयांना. रोज दोन सुटे घेणाऱ्या घराला वर्षाला २,१९० रुपये जादा मोजावे लागतात. ज्याच्या हातात एकरकमी पैसे नाहीत त्यालाच वस्तू महाग मिळते. म्हणून डायपर घ्यायचेच असतील तर दोघी-तिघींनी मिळून मोठे पाकीट आणावे आणि वाटून घ्यावे. मात्र बाळांचे माप सारखे असेल तरच.

पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. आईला पोषण मिळावे, मजुरी बुडाली तर थोडा आधार व्हावा, यासाठी ती रक्कम असते. त्या पैशांचे डायपर घेतले तर ५०० येतील आणि दिवसाला ८ लागणाऱ्या बाळाला ते दोन महिने पुरतील. एका डायपरच्या किमतीत एक अंडे येते. बाळंतिणीच्या ताटातले अंडे काढून ते कचऱ्याच्या गाडीत टाकायचे का, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

आता कापड. एका बाळाला धुऊन-वाळवून फिरवत ठेवायला ३० लंगोट पुरतात. विकत घेतले आणि एक ३० रुपयांना धरला तर ९०० रुपये. खाली अंथरायला रबरी कापडाचे तीन तुकडे ३०० रुपयांचे. सहा दुपटी ३०० रुपयांची. सगळे मिळून १,५०० रुपये. धुण्याच्या साबणाला रोजचे ५ रुपये धरले तर दोन वर्षांत ३,६५० रुपये. एकूण ५,१५० रुपये. जुन्या सुती साड्या, धोतरे, पंचे फाडून घरीच लंगोट आणि दुपटी शिवली तर त्यातले १,२०० रुपयेही वाचतात. शिवाय हेच लंगोट दुसऱ्या बाळाला किंवा जावेच्या बाळाला चालतात.

बाजारात बटणांचे कापडी डायपरही मिळतात. त्यांना बाहेरून पाणी न झिरपणारे अस्तर असते आणि आत कापडाची घडी घालतात. एक ४०० रुपयांना धरला आणि आठ घेतले तर ३,२०० रुपये होतात. ते कमी गळतात, पण आतली जाड घडी पावसाळ्यात लवकर वाळत नाही. ऊन येत नसलेल्या घराने ते घेण्याआधी विचार करावा.

इथपर्यंत पाहिले तर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. एकीकडे ४२ हजार, दुसरीकडे ५ हजार. आजी जिंकली. पण दुसरा रकाना अजून कोराच आहे.

दुसरा रकाना: पाणी आणि आईचे श्रम

रोज सरासरी १२ लंगोट धुवायला तीन बादल्या, म्हणजे साधारण ४५ लिटर पाणी लागते असे धरू. घरात नळ असेल तर हे पाणी कोणी वेगळे मोजत नाही. पण कितीतरी वस्त्यांत पाणी विकत घ्यावे लागते. २०० लिटरचे पिंप ५० रुपयांना पडत असेल तर दोन वर्षांत लंगोटांसाठी १६४ पिंपे लागतील आणि त्याचे ८,२०० रुपये होतील. म्हणजे कापडाचा खर्च ५,१५० वरून १३,३५० वर गेला. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली पाण्यासाठी ज्यांचे आजोबा-पणजोबा उभे राहिले, त्या समाजाला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. पाणी नसलेल्या घरातल्या सुनेला "कापडच वापर" म्हणण्याआधी तिच्या दारात पाणी कुठून येते ते पाहावे.

आता श्रम. लंगोट झटकणे, भिजवणे, धुणे, पिळणे, वाळत घालणे, घड्या करणे याला रोज पाऊण तास धरू. दोन वर्षांत ते ५४७ तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला तर ६८ दिवस. रोजंदारी ३०० रुपये धरली तर त्या श्रमाचे मोल २०,४०० रुपये. हे पैसे कुणी कुणाला देत नाही, म्हणून ते हिशेबात येत नाहीत. पण ते मिळवले तर विकतच्या पाण्याच्या घरात कापडाचा खरा खर्च ३३,७५० रुपयांवर जातो. ४२ हजारांपासून फार लांब नाही.

कापड स्वस्त दिसते, कारण आईचे श्रम आपण फुकट धरतो. हा आमच्या आजच्या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. कापड वापरू नये असा याचा अर्थ नाही. ते धुणे एकट्या बाळंतिणीवर टाकू नये, हा त्याचा अर्थ आहे.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार तिने एकटीने सोसू नये, सरकारने आणि मालकानेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. जो भार सरकारने आणि मालकाने वाटून घ्यावा असे बाबासाहेब म्हणाले, त्यातला घरातल्या मोरीपुरता वाटा बाळाच्या वडिलांनी उचलायला काय हरकत आहे?

काही घरांत पुरुष म्हणतात, "शी धुणे हे बाईचे काम." त्यांना आम्ही विनयपिटकातली एक हकिकत सांगतो. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही कामाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी ते पाहिले. आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. आपल्या शास्त्याच्या हातांना जे काम कमी वाटले नाही, ते आपल्याला कमी कसे वाटेल?

आणखी एक. बाळंतिणीच्या कपड्यांचा आणि बाळाच्या शीचा "विटाळ" मानणारी घरे अजून आहेत. अस्वच्छता आणि विटाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अस्वच्छता साबणाने जाते. विटाळ हा माणसामाणसात भेद करण्यासाठी केलेला खेळ आहे आणि तो आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या दिवशी मागे टाकला. त्याचप्रमाणे बाळ जन्मण्याआधी कपडे शिवणे अशुभ असते, ही समजूतही सोडून द्यावी. आठव्या महिन्यात लंगोट शिवून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवले तर बाळंतपणाच्या गडबडीत दुकानाकडे धावावे लागत नाही.

तिसरा रकाना: उचलणारे हात

डायपरमध्ये काय असते ते आधी पाहू. बाहेरचा आणि आतला पातळ थर प्लास्टिकच्या जातीचा असतो. मध्ये लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा भुगा असतो आणि त्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाच्या रसायनाचे बारीक कण मिसळलेले असतात. हे कण स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषतात आणि त्याची खळ होते. म्हणून शू झाली तरी डायपर वरून कोरडा लागतो. फाटलेल्या डायपरमधून साबुदाण्यासारखे जे फुगलेले कण बाहेर येतात, ते हेच.

यातले प्लास्टिक मातीत लवकर कुजत नाही. ४,१९५ वापरलेले डायपर, एकाचे वजन १५० ग्रॅम धरले तरी सहाशे किलोंच्या वर जातात. एका बाळाचा दोन वर्षांतला हा कचरा. तो जातो कुठे?

काही नाल्यात जातो. पहिल्या मोठ्या पावसात नाला तुंबतो आणि तेच पाणी आपल्याच घरात शिरते. काही सार्वजनिक संडासाच्या भांड्यात टाकले जातात. तिथे ते फुगतात, नळी तुंबते आणि मग ती मोकळी करायला माणूस बोलावला जातो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी आहे. तरी तुंबलेल्या संडासापुढे शेवटी कोणाला उभे केले जाते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. उरलेले डायपर घंटागाडीत जातात. तिथे ओला-सुका कचरा वेगळा करताना कचरावेचक बायांच्या हाताला लागतात. अनेकींच्या हातात मोजेही नसतात.

हे हात बहुतेक वेळा आपल्याच समाजाचे असतात. आपल्याच वस्तीतल्या, कधी आपल्याच नात्यातल्या बाईचे. ज्या कामातून बाहेर पडण्यासाठी पिढ्यानपिढ्या धडपडलो, ते काम आपण रोज गुंडाळी न करता फेकलेल्या पुडीने तिच्यावर पुन्हा लादतो.

पुण्यातल्या "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने हा प्रश्न रस्त्यावर आणला. २०१३ साली कचरावेचक बायांनी लोकांनी तसेच फेकलेले वापरलेले सॅनिटरी पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले. तुमचा माल आहे, त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारीही तुमची, असा त्याचा अर्थ होता. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या बनवून त्यात असा कचरा गुंडाळून द्यावा, हेही त्यांनी लोकांना शिकवले. पुढे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत पॅड आणि डायपर नीट गुंडाळून देणे ही घरांची जबाबदारी ठरली आणि त्यासाठी पाकिटासोबत पिशवी देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली गेली. तुमच्या पाकिटात अशा पिशव्या आहेत का, ते पाहा. नसतील तर दुकानदाराला विचारा. विचारणाऱ्यांची संख्या वाढली की वर निरोप जातो.

कापडाचे मात्र सगळेच गुण आहेत असे समजू नये. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की कापडी लंगोट किती कडक पाण्याने धुतले आणि यंत्रात वाळवले की दोरीवर, यावर त्यांचा पर्यावरणावरचा भार ठरतो. यंत्रात वाळवले तर कापडाचा फायदा नाहीसा होतो. दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही वापरले तर कापड बरेच सरस ठरते. आपल्या वस्तीत दोरी आणि ऊन हीच वाळवणी असते. तेव्हा इथे कापडाचे पारडे जड आहे.

बाळाच्या कातडीला काय मानवते?

"डायपरने पुरळ येते" हे अर्धेच खरे. कातडी ओली राहिली, शू-शी तिला लागून राहिली आणि वर घासले गेले की पुरळ येते. ते डायपरमध्येही होते आणि ओल्या लंगोटातही होते. फरक एवढाच की ओला लंगोट बाळाला टोचतो, ते रडते आणि आपण बदलतो. डायपर वरून कोरडा लागतो, बाळ रडत नाही आणि आपण तो दहा-दहा तास ठेवतो. दहा रुपये पूर्ण वसूल करण्याच्या नादात बाळाची कातडी सोलते. डायपर तीन-चार तासांनी बदलावा आणि शी झाली तर लगेच बदलावा. तेवढे बदलणे परवडत नसेल तर दिवसा डायपर नकोच.

पहिल्या महिन्यात कापडाचा एक मोठा फायदा आहे. आईचे दूध बाळाला पुरते की नाही, हे शूवरून कळते. पहिला आठवडा उलटल्यावर फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाने चोवीस तासांत निदान सहा वेळा शू केली पाहिजे. लंगोटात हे सहज मोजता येते. डायपरमध्ये तीन वेळची शू एकात जिरते आणि बाळाला दूध कमी पडत असले तरी लक्षात येत नाही. म्हणून पहिला महिना शक्य तितके कापडच वापरा, असे आम्ही प्रत्येक बाळंतिणीला सांगतो.

काही गोष्टी दोन्हींना लागू आहेत:

- नाळ गळून पडेपर्यंत लंगोट किंवा डायपर नाळेच्या खाली बांधावा, म्हणजे नाळ कोरडी राहते.
- लंगोट करकचून बांधू नये. पाय सरळ करून घट्ट गुंडाळूही नयेत. बाळाचे पाय बेडकासारखे मोकळे हलले पाहिजेत.
- प्रत्येक वेळी साध्या पाण्याने धुऊन, मऊ कापडाने टिपून, थोडा वेळ उघडे ठेवावे. मुलीला पुढून मागे पुसावे.
- पावडर टाकू नये. तिचा धुरळा बाळाच्या श्वासातून छातीत जातो.
- साधी लाली असेल तर खोबरेल तेल किंवा झिंक ऑक्साइडचे मलम पुरे.
- मेडिकल दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणू नये. खाज आणि पुरळ यांवर विकल्या जाणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवस बरे वाटते आणि पुढे बाळाची कातडी पातळ होते.
- लाली तीन दिवसांत कमी झाली नाही, जांघेच्या घड्यांत लालभडक होऊन कडेला बारीक पुटकुळ्या आल्या, पू झाला किंवा ताप आला तर बाळाला आरोग्य केंद्रात न्यावे.

मग आपण करायचे काय?

तिन्ही रकाने भरल्यावर आम्हाला बहुतेक घरांसाठी मधला मार्ग बरा वाटतो. दिवसा कापड. रात्री एक डायपर, म्हणजे आईला सलग झोप मिळते. प्रवासाला, दवाखान्यात किंवा बाळाला पाळणाघरात ठेवायचे असेल तेव्हा एखादा जादा.

त्याचाही हिशेब करू. रात्रीचे ७३० डायपर ७,३०० रुपयांचे. लंगोट-दुपटी १,५०० रुपयांची. साबण रोज ४ रुपयांचा, म्हणजे २,९२०. बेरीज ११,७२० रुपये. पाणी विकतचे असेल आणि रोज ३५ लिटर लागले तर त्यात साधारण ६,४०० रुपये मिळवा. म्हणजे १८,१२०. पूर्ण डायपरच्या ४२ हजारांशी ताडून पाहिले तर, विकतचे पाणी धरूनही, महिन्याला जवळपास हजार रुपये वाचतात. निव्वळ कापडाच्या मानाने श्रमाचे पंधराएक दिवस वाचतात. वाचलेले हजार रुपये आईच्या आणि बाळाच्या ताटात गेले तर हिशेब सार्थकी लागला.

ज्या आईला कामावर जावेच लागते, घरात दुसरे कोणी नाही आणि पाणीही नाही, तिने दिवसा दोन-तीन डायपर वापरले म्हणून तिला कोणी नाव ठेवू नये. आणि ज्या घरात डायपर नाही त्या घराला कोणी मागासलेले म्हणू नये. बाळ स्वच्छ, कोरडे आणि पोटभर आहे की नाही, एवढेच पाहावे.

कापड असे धुवा

शी आधी संडासात झटकून टाका. लहान बाळाच्या शीने काही होत नाही, ही समजूत चुकीची आहे. तिच्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात. लंगोट वेगळ्या बादलीत भिजवा. त्या बादलीला झाकण हवेच. रांगते बाळ अर्ध्या बादली पाण्यातही बुडू शकते, आणि उघड्या पाण्यात डासही होतात. साबणाने धुऊन साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, कारण उरलेल्या साबणानेही कातडी जळजळते. आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात घाला. उन्हात वाळवा. पावसाळ्यात दमट लंगोट बाळाला बांधू नका, इस्त्री फिरवून पूर्ण कोरडा करा. नळकोंडाळ्यावर, पिण्याचे पाणी भरतात तिथे लंगोट धुऊ नका. शेवटी आपले हात साबणाने धुवा आणि मगच स्वयंपाकाला किंवा बाळाला दूध पाजायला बसा.

डायपर असा टाका

डायपरमधली शीही संडासात टाका. डायपर आतल्या बाजूला गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करा. वर जुन्या वर्तमानपत्राचा थर द्या आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उचलणारीला न उघडता कळेल आत काय आहे. घंटागाडीत तो वेगळा द्या. संडासात, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. जाळूही नका, प्लास्टिकचा धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो.

विहाराने आणि महिला मंडळाने काय करावे?

हे काम एकटीच्या घराचे ठेवले तर ते पुन्हा एकटीच्या अंगावर पडते. म्हणून चार गोष्टी सुचवतो. जुन्या सुती साड्या आणि धोतरे विहारात गोळा करावीत. शिलाई येणाऱ्या भगिनींनी रविवारी बसून लंगोट-दुपटी शिवावीत. नामकरणाला खेळणी आणि भारी कपडे नेण्याऐवजी तीस लंगोटांचा एक संच भेट द्यावा. ज्यांच्या घरात ऊन येत नाही त्यांना विहाराच्या गच्चीवर वाळवणाची दोरी द्यावी. आणि वस्तीतल्या पाण्यासाठी, वेगळ्या कचरापेटीसाठी, सफाई कामगारांच्या हातमोज्यांसाठी नगरसेवकाकडे आणि वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्यावेत. तोंडी मागणी हवेत विरते. लेखी अर्जाची पोच घ्यावी आणि ती मंडळाच्या फाइलला लावावी.

पुढच्या बैठकीत हे पान वाचून दाखवा आणि प्रत्येकीने आपल्या घरचा हिशेब आपल्या दुकानातल्या किमती घालून करावा. बाळाचे वडीलही त्या वेळी शेजारी बसलेले असू द्या. तिन्ही रकाने त्यांनीही वाचायला हवेत.

जयभीम. नमो बुद्धाय.